सोयाबीनचा अर्क ट्रिप्सिन थांबवतो, म्हणून तो व्हायरस पण थांबवेल का?

प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. लातूरकडच्या एक एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थिनी आहेत, शेवटचं सेमिस्टर चालू आहे. तूर, सोयाबीन आणि कारलं यांच्या बियांचा अर्क काढलाय, तिन्ही अर्कांनी ट्रिप्सिन, म्हणजे आतड्यात प्रोटीन पचवणारं एन्झाइम, छान थांबतंय. सोबत कॉम्प्युटरवर वीसेक वनस्पतीजन्य रेणूंचं कोरोनाच्या मेन प्रोटिएजवर (व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन कापणारं एन्झाइम) डॉकिंग केलंय, म्हणजे रेणू एन्झाइममध्ये कसा बसेल याचा अंदाज काढलाय, त्यात एकाचा स्कोअर उणे ९.२ आलाय (जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट असं मानतात). गाईड म्हणतायत प्रबंधाच्या नावात 'अँटीव्हायरल' टाकून द्या. त्या विचारायल्यात की एवढ्यावर असं म्हणता येतं का, आणि नसेल येत तर हातातल्या चार महिन्यांत काय करता येईल. शेवटी त्यांच्या काकांचा एक प्रश्न आहे: कच्च्या सोयाबीनचं पीठ रोज चमचाभर खाल्लं तर व्हायरल तापापासून बचाव होईल का.

काकांचं आधी सांगते कारण बाकीचं थांबू शकतं. कच्चं सोयाबीन खाऊ नका म्हणावं, चमचाभर पण नको. त्यातला इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारा प्रोटीन, आपल्याच आतड्यातलं ट्रिप्सिन अडवतो, प्रोटीन नीट पचत नाही आणि भरपाई म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त एन्झाइम बनवत बसतं. कोंबडीच्या पिल्लांना कच्चं सोयाबीन घातलं की वाढ खुंटते आणि स्वादुपिंड मोठं होतं. ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी तर १९१७ मध्येच दाखवलं होतं की उंदरांना सोयाबीन शिजवून दिलं तरच ते धड वाढतात. म्हणूनच सोयाबीनची पेंड कोंबडीखाद्यात जायच्या आधी तिला नीट उष्णता देतात, आणि ती पुरेशी भाजली गेली का हे बघायला युरिएज टेस्ट लावतात (कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज एन्झाइम किती उरलंय ते त्यात कळतं). व्हायरल तापाचा आणि या पिठाचा काही संबंध नाही, तो का नाही ते खाली येईलच.

आता तुमचं. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, बियांमधल्या या इनहिबिटरवर वीस-बावीस वर्षं हात काळे केलेत, आणि दोन वेळा आमची सॅम्पल व्हायरसवर काम करणाऱ्या लॅबला पाठवून टेस्ट करून घेतलीत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली ती ही की 'प्रोटिएज इनहिबिटर' हा शब्द फसवा आहे. आपण तो ऐकतो, मग आठवतं की एचआयव्हीची औषधं पण प्रोटिएज इनहिबिटरच असतात, १९९५ ला साक्विनाविर आलं, मग कोरोनात २०२१ च्या डिसेंबरात निर्माट्रेल्व्हिर आलं, आणि आपल्या बियांत पण प्रोटिएज इनहिबिटर आहेत म्हणजे झालंच की. पण प्रोटिएज म्हणजे फक्त प्रोटीन कापणारी कात्री. कात्री कुणाची, ती नेमकं कुठं कापते आणि ती शरीरात बसलीय कुठं, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. तुमच्या प्रश्नात खरी अडचण ही आहे, डॉकिंगचा स्कोअर वगैरे नंतरचं.

तूर किंवा सोयाबीन हे इनहिबिटर बनवतं कशाला ते बघा. व्हायरससाठी नाही बनवत. ते अळीसाठी आहे. हरभऱ्यावरची घाटे अळी, तीच तुरीच्या शेंगा पोखरते, तिच्या आतड्यात ट्रिप्सिनसारखी एन्झाइम भरपूर असतात, आणि बी तिला म्हणतं खा पण पचणार नाही. ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की टोमॅटो-बटाट्याचं पान किड्यानं कुरतडलं की झाड हे इनहिबिटर वाढवतं, अगदी न कुरतडलेल्या पानांत सुद्धा. लाखो वर्षं झाडाचा सराव झालाय तो अळीच्या कात्रीविरुद्ध, त्यामुळं बहुतेक इनहिबिटर ट्रिप्सिनच्या साच्यातच बसणारे आहेत.

साचा म्हणजे काय तेही सांगते कारण सगळं उत्तर त्यात आहे. ट्रिप्सिन प्रोटीनच्या साखळीला कापतं लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढं. सोयाबीनचा बोमन-बर्क इनहिबिटर घ्या, ७१ अमिनो आम्लांचा छोटासा प्रोटीन, सात डायसल्फाइड बंधांनी आवळून बांधलेला. त्याला दोन डोकी आहेत, एका डोक्यावर १६ नंबरला लायसिन पुढं काढलेलं, ते ट्रिप्सिनच्या तोंडात जाऊन अडकतं, दुसऱ्यावर ४३ नंबरला ल्युसिन, ते कायमोट्रिप्सिनसाठी. घास म्हणून गेलेला तुकडा घशातच अडकून बसतो, असं समजा. आता कोरोनाचं मेन प्रोटिएज घ्या. ते कापतं ग्लुटामिनच्या पुढं. लायसिन पुढं केलेला इनहिबिटर त्याच्या तोंडात कसा बसणार? निर्माट्रेल्व्हिर बघा, त्यात बरोबर त्या जागी ग्लुटामिनसारखी दिसणारी रिंग बसवलीय आणि टोकाला असा गट ठेवलाय जो एन्झाइमच्या १४५ नंबरच्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. तिथं मोजून मापून केलेली किल्ली लागते.

कुणी म्हणेल की मेन प्रोटिएज सिस्टीन प्रोटिएज आहे आणि झाडात सिस्टीन प्रोटिएजचे पण इनहिबिटर असतात. असतात की, तांदळातला ओरायझासिस्टॅटिन १९८७ मध्ये सापडला. पण ते पपईतल्या पपेनच्या कुळातल्या कात्र्यांसाठी आहेत. मेन प्रोटिएजची घडी कायमोट्रिप्सिनसारखी, फक्त आतला कापणारा दात सिस्टीनचा. नाव एक, कुळ वेगळं. अशीच गफलत माणसांच्या औषधात पण झाली होती, २०२० मध्ये एचआयव्हीचं लोपिनाविर कोरोनाला दिलं गेलं, ते ॲस्पार्टिक प्रोटिएज या तिसऱ्याच कुळातल्या कात्रीसाठी बनवलेलं, आणि ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये त्याचा फायदा दिसला नाही.

मग झाडांच्या इनहिबिटरला व्हायरसच्या बाबतीत काहीच जागा नाही का? आहे, आणि हीच जागा बहुतेक प्रोजेक्टमध्ये सुटते. व्हायरसला कधीकधी आपल्या शरीराची कात्री उधार घ्यावी लागते. इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे फ्लूच्या, आवरणावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रोटीन तोपर्यंत कामाचं नसतं जोपर्यंत आपल्या श्वासनलिकेतलं ट्रिप्सिनसारखं एन्झाइम त्याला एका जागी कापत नाही. कोरोनाच्या स्पाइकला पण पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएमपीआरएसएस-२ कापून देतं. ही कात्री लायसिन-आर्जिनिनवालीच आहे, म्हणजे आपल्या तूर-सोयाबीनच्या इनहिबिटरच्या साच्यातली! आणि ती पेशीच्या बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे मोठ्या प्रोटीनला आत शिरायची गरज नाही. कागदावर हे फार सुंदर जुळतं.

पण इथं पण 'परिस्थितीवर अवलंबून' आहेच. टीएमपीआरएसएस-२ अडवणारं कॅमोस्टॅट नावाचं कृत्रिम औषध २०२० मध्ये पेशींवर छान चाललं आणि नंतर पेशंटवरच्या ट्रायलमध्ये तोंडानं देऊन फायदा दिसला नाही. ओमायक्रॉन तर या कात्रीवर आधीच्या प्रकारांपेक्षा कमी अवलंबून निघाला, तो दुसऱ्या वाटेनं पण पेशीत जातो. आणि आपलीच कात्री अडवायची म्हणजे तिचं शरीरातलं रोजचं काम पण अडणार.

डेंग्यूचं उदाहरण तुम्हाला जास्त जवळचं वाटेल, आपल्याकडं पावसाळ्यानंतर घरोघर असतो. डेंग्यूचं एनएस-३ प्रोटिएज हे व्हायरसचं स्वतःचं, ट्रिप्सिनसारखंच सिरीन जातीचं, आणि दोन लागोपाठच्या लायसिन-आर्जिनिनच्या पुढं कापणारं. म्हणजे साचा ट्रिप्सिनच्या जवळचा. गायीच्या फुप्फुसातून मिळणारा ॲप्रोटिनिन, तो पण ट्रिप्सिन अडवणाराच, डेंग्यूच्या प्रोटिएजला टेस्ट ट्यूबमध्ये जोरात अडवतो. तुमच्या बियांच्या इनहिबिटरला इथं संधी आहे असं मला मनापासून वाटतं. अडचण अशी की हे एन्झाइम पेशीच्या आत पडद्याला चिकटून काम करतं आणि ८ ते २० किलोडाल्टनचा प्रोटीन तिथं आपोआप पोचत नाही. तोंडानं खाल्ला तर आतड्यातून रक्तातच धड जात नाही. काकांच्या पिठाचं उत्तर हे आहे.

इथपर्यंतचं एका दमात: ट्रिप्सिन थांबतंय म्हणजे मेन प्रोटिएज थांबेल असं अजिबात नाही, डेंग्यूचं एनएस-३ किंवा फ्लूला मदत करणारी आपली कात्री थांबू शकते, पण ते वेगळं करून दाखवावं लागेल, आणि टेस्ट ट्यूबमध्ये थांबलं तरी पेशीत थांबेल हे परत वेगळं.

आता अर्काबद्दल बोलू, इथं मी स्वतः तोंडावर पडलेय म्हणून जरा लांबवते. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही बाभळीच्या शेंगांचा अर्क घेतला होता, ट्रिप्सिन जवळजवळ पूर्ण थांबलं, विद्यार्थी खूश, मी पण खूश, सेमिनारला जाऊन सांगून पण आले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं टॅनिन काढलं का? काढलं नव्हतं. पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी पूड) टाकून टॅनिन काढलं आणि परत टेस्ट केली तर काहीच उरलं नाही. टॅनिन कुठल्याही प्रोटीनला धरून खाली बसवतं, ट्रिप्सिनला पण, त्याला इनहिबिशन म्हणायचं नसतं. ते सेमिनारमधलं बोलणं मला नंतर परत घ्यावं लागलं आणि ते मी आजही विद्यार्थ्यांना सांगते कारण त्यांच्यावर ती वेळ येऊ नये. तुमच्या तिन्ही अर्कांत पीव्हीपीपीचा कंट्रोल आहे का ते आधी बघा, तुरीच्या टरफलात पण टॅनिन असतं, तर टरफल काढून डाळीचं पीठ वेगळं करा.

दुसरं, शेंगवर्गीय बियांत लेक्टिन नावाचे प्रोटीन असतात, ते साखर ओळखतात, आणि व्हायरसच्या आवरणावर साखरेचे गुच्छ असतातच. म्हणजे उद्या तुमच्या कच्च्या अर्कानं पेशीत व्हायरस कमी झाला तरी ते इनहिबिटरमुळं की लेक्टिनमुळं की सॅपोनिन या साबणासारख्या रेणूनं आवरणच फोडलं म्हणून, हे कसं सांगणार? कारल्यात तर अजून एक गोंधळ आहे, एमएपी-३० नावाचा प्रोटीन एचआयव्हीविरुद्ध चालतो म्हणून गाजला, पण तो राइबोसोम (पेशीतला प्रोटीन बनवणारा कारखाना) बंद पाडणारा प्रोटीन आहे, त्याचा प्रोटिएज इनहिबिटरशी संबंध नाही. कारल्याच्या बियांत दोन्ही असतात आणि लोक दोघांचं श्रेय एकाच खात्यावर टाकतात. उपाय एकच, ट्रिप्सिन बांधलेल्या ॲगॅरोज कॉलमवरून इनहिबिटर वेगळा काढायचा, आणि उरलेला अर्क, ज्यातून इनहिबिटर गेलाय, तो पण शेजारी टेस्ट करायचा. जर उरलेला अर्कच व्हायरस थांबवत असेल तर गोष्ट दुसरीच आहे. कॉलमचं बजेट नसेल तर निदान उष्णता देऊन बघा, बोमन-बर्क प्रकारचे इनहिबिटर उष्णतेला बऱ्यापैकी टिकतात, लेक्टिन आणि कुनिट्झ प्रकारचे (बियांतला दुसरा मोठा प्रकार) इनहिबिटर त्या मानानं लवकर मोडतात.

तिसरा सापळा व्हायरसच्या लॅबमधला, हा मला दुसऱ्या वेळी कळला. फ्लूचा व्हायरस एमडीसीके पेशींत (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून घेतलेल्या, लॅबमध्ये वाढवायच्या पेशी) वाढवताना माध्यमात मुद्दाम ट्रिप्सिन घालावं लागतं, नाहीतर तो फेरीमागून फेरी वाढत नाही. आता तिथं तुमचा ट्रिप्सिन इनहिबिटर टाकला तर काय होणार? बाटलीतलं ट्रिप्सिन थांबणार आणि व्हायरस वाढणार नाही! रिझल्ट शंभर नंबरी दिसणार, आणि त्यावरून माणसाच्या श्वासनलिकेत काय होईल हे काहीच कळणार नाही. अशा वेळी स्वतःचं प्रोटिएज असणाऱ्या श्वासनलिकेच्या पेशी घ्याव्या लागतात. आणि पेशी जिवंत आहेत का हे एमटीटीनं (जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात ते रसायन) बघत असाल तर लक्षात ठेवा, वनस्पतीतले पॉलिफेनॉल एमटीटीचा रंग पेशीशिवाय पण बदलतात, म्हणून पेशी नसलेला अर्काचा ब्लँक हवाच.

डॉकिंग. यावर मी फार वेळ घालवणार नाही. २०२० मध्ये मेन प्रोटिएजची ६एलयू७ ही रचना आल्यावर ज्याच्याकडं लॅपटॉप होता त्यानं डॉकिंग केलं, आणि वर कायम तीच मंडळी आली, रुटिन, हेस्पेरिडिन, क्वेर्सेटिनची भावंडं, कारण मोठा आणि हायड्रॉक्सिलनं भरलेला रेणू असला की स्कोअर आपोआप चांगला येतो. स्कोअरमधली चूक दोन-अडीच किलोकॅलरीपर्यंत सहज असते आणि १.४ किलोकॅलरी म्हणजे दहापट फरक, तर तुमच्या उणे ९.२ आणि दुसऱ्याच्या उणे ८.६ मध्ये काही अर्थ नाही. त्या रचनेत आधीच बसलेला एन३ हा मूळ रेणू डॉकिंगमध्ये परत त्याच जागी बसतो का हे बघितलंत का? ज्यांचा काही उपयोग नाही हे माहीत आहे असे रेणू सोबत टाकलेत का? हे नसेल तर डॉकिंगचं एक पान परिशिष्टात जाऊ द्या.

छोट्या रेणूंत अगदी काहीच नाही असं मात्र म्हणणार नाही. बायकॅलेइन या वनस्पतीजन्य रेणूचं मेन प्रोटिएजसोबतचं स्फटिक बनवून लोकांनी बघितलंय, तो खरंच आत बसतो. पण क्वेर्सेटिन, कर्क्युमिन यांच्याबद्दल सावध राहा. मेन प्रोटिएजमध्ये १२ सिस्टीन आहेत, ऑक्सिडाइज झालेलं फिनॉल त्यांना कुठंही चिकटतं, शिवाय हे रेणू पाण्यात गोळे करून एन्झाइमला गुंडाळून घेतात. म्हणून टेस्टमध्ये डीटीटी (सिस्टीनला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं) आणि थोडं ट्रायटन (गोळे फोडणारं, साबणासारखं) टाकून परत करा, इनहिबिशन पळालं तर ते खरं नव्हतंच. आणि ताकदीचा फरक बघा, निर्माट्रेल्व्हिर मेन प्रोटिएजला तीन-एक नॅनोमोलरला धरतं, फ्लेवोनॉइडचे आकडे बहुतेक वेळा मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे हजार-दहा हजार पट दूर. कर्क्युमिन काही ग्रॅम तोंडानं घेतलं तरी रक्तात फारच थोडं पोचतं, त्यामुळं एवढी मात्रा शरीरात गाठायची कशी हाच प्रश्न राहतो.

चार महिन्यांत काय करायचं ते आता. हे तुमच्या कॉलेजात काय मिळतं यावर आहे, तरी मी असते तर असं केलं असतं. बी आडतीतून आणलेलं वापरू नका, इनहिबिटरचं प्रमाण वाणावर आणि बी किती पक्व आहे त्यावर बदलतं. बदनापूरच्या केंद्राची बीडीएन ७११ तूर, परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ७१ सोयाबीन, असं नाव माहीत असलेलं बी घ्या. मग एक्स-रे फिल्मची पद्धत लावा. ही आपल्या घरची पद्धत आहे, मराठवाडा विद्यापीठातून पिचारे आणि काचोळे यांनी १९९४ मध्ये छापली. जेलवर प्रोटीन वेगळे करायचे, जेल ट्रिप्सिनमध्ये भिजवायचं आणि एक्स-रे फिल्मवर ठेवायचं, फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, ट्रिप्सिन तो खाऊन टाकतं, पण जिथं इनहिबिटरचा पट्टा आहे तिथं थर तसाच राहतो, कोमट पाण्यानं धुतलं की पट्टे उभे राहतात. महागडं काही लागत नाही आणि तुमच्या बियांत इनहिबिटर किती प्रकारचे आहेत ते डोळ्यांनी दिसतं.

याच कामात एक छान गोष्ट आहे. पुण्याच्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) गटानं १९९८ मध्ये दाखवलं की हरभऱ्याचे स्वतःचे इनहिबिटर घाटे अळी आपल्या आतड्यात मोडून टाकते, ती हरभऱ्यासोबत राहून सरावलीय. पण कारल्याचे इनहिबिटर तिला जड जातात कारण कारलं तिचं नेहमीचं खाणं नाही. मला हे वाचल्यावर एचआयव्ही आठवला, तो पण प्रोटिएजमध्ये बदल करून औषधातून निसटतो. तुमच्याकडं तूर आणि कारलं दोन्ही आहेत, ही तुलना प्रबंधात घ्या, ती तुमच्याच डेटावर उभी राहील.

त्यानंतर आयसी-५० (एन्झाइम निम्मं थांबवणारी मात्रा) काढा, ट्रिप्सिनसाठी बीएपीएनए हा कापला की रंग देणारा सब्सट्रेट (एन्झाइमला कापायला दिलेला रेणू) वापरा, पण फक्त ट्रिप्सिनवर नको, कायमोट्रिप्सिन आणि पपेनवर पण, ज्याला जो सब्सट्रेट चालतो तो घेऊन, म्हणजे साचा कुठला ते कळेल. जमलं तर डेंग्यूच्या एनएस-३ चं तयार एन्झाइम आणि फ्लुओरेसंट सब्सट्रेट मागवून एकच प्रयोग करा, जिवंत व्हायरस लागत नाही, साध्या लॅबमध्ये होतं. जिवंत डेंग्यू किंवा कोरोना कॉलेजच्या लॅबमध्ये आणायचा विचार सुद्धा करू नका, त्याला वेगळी सुरक्षित लॅब आणि परवानगी लागते, ते काम पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) ठिकाणी होतं.

प्रबंधाचं नाव मी असं ठेवलं असतं: 'तूर, सोयाबीन व कारल्याच्या बियांतील सिरीन प्रोटिएज इनहिबिटर आणि डेंग्यू एनएस-३ वरील त्यांचा परिणाम'. एनएस-३ चा प्रयोग झाला नाही तर दुसरा अर्धा भाग काढून टाका. गाईडना सांगताना त्यांचा मान राखून सांगा की बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न 'कुठल्या व्हायरसवर टेस्ट केलं' असा विचारेल, आणि त्याचं उत्तर आपल्या वहीत नाही.

फिल्म मिळायला आता जरा त्रास होतो कारण दवाखाने डिजिटल झालेत, तरी तालुक्याच्या जुन्या एक्स-रे सेंटरमध्ये मुदत संपलेली डबी पडलेली असते, मागितली की देतात. अशी फिल्म या कामाला चालते, फक्त थर खराब झालेला नसावा. ट्रिप्सिनची तीव्रता आणि वेळ दोन-तीनदा बदलून बघावी लागेल, पहिल्या वेळी सगळी फिल्म कोरी धुऊन जाते, घाबरू नका, वेळ निम्मी करा. पट्टे आले की तिन्ही बियांचे शेजारी शेजारी ठेवून फोटो इथंच टाका, पुढचं त्यावर बोलू.